बुडालेल्या शेतावरची होडी : डिंभे जलाशय आणि मासेमारीच्या हक्काचा इतिहास

१/ जुन्नर आणि आंबेगाव म्हटले की इतिहासप्रेमींना नाणेघाट, लेण्याद्री, शिवनेरी आणि भीमाशंकर आठवतात. याच परिसराच्या इतिहासातील एक प्रकरण जेमतेम दोन पिढ्यांचे आहे. ते डिंभे धरणाच्या जलाशयातील छोट्या होड्यांचे आहे. डोंगरउतारावर भात पिकवणारा आदिवासी समाज मच्छीमार कसा झाला आणि ज्या पाण्याखाली त्याची शेते गेली, त्याच पाण्यावर त्याने हक्क कसा मागितला, याचा हा थ्रेड.

२/ आरंभी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. या खोऱ्यातील बहुसंख्य आदिवासी महादेव कोळी आहेत. 'कोळी' हा शब्द ऐकताच मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावरील कोळीवाडे, गलबते आणि जाळी डोळ्यांपुढे येतात. परंतु सोनकोळी आणि महादेव कोळी हे दोन भिन्न समाज आहेत. महादेव कोळी हा सह्याद्रीच्या माथ्यावरचा आणि घाटवाटांवरचा समाज. त्याच्या नावात 'कोळी' असले, तरी त्याच्या परंपरागत उपजीविकेत समुद्र नव्हता, होडीही नव्हती.

३/ कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात महादेव कोळ्यांविषयी विस्तृत वृत्तांत लिहिला. विसाव्या शतकात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी या समाजावर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. या लेखनातून दिसतो तो डोंगरी शेतकरी, किल्ल्यांचा आणि घाटांचा राखणदार, मावळांच्या नाइकांच्या आधिपत्याखाली संघटित झालेला समाज. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरई, जंगलातून हिरडा, मध आणि सरपण, असा त्याचा संसार होता.

४/ मग मासे? ते होते, पण पूरक अन्न म्हणून. पहिल्या पावसाबरोबर प्रवाहाविरुद्ध वर येणारे चढणीचे मासे ओढ्यांत आणि खाचरांच्या बांधांवर धरले जात. उन्हाळ्यात नदीचे डोह आटू लागले की तेथे मासे आणि खेकडे मिळत. नदीवरच्या मासेमारीत अधिक तरबेज होते ते कातकरी. घोड नदी आहुपे परिसरात उगम पावते. उगमाजवळची ही नदी पावसाळ्यात धो धो वाहते आणि उन्हाळ्यात डोहांपुरती उरते. अशा नदीवर होडीचे प्रयोजनच नव्हते.

५/ या समाजाच्या स्मृतीत लढा आहे, तो जमिनीचा आणि महसुलाचा. शिवनेरीवरील 'कोळी चौथरा' सतराव्या शतकाच्या मध्यास मोगलांविरुद्ध उठलेल्या कोळ्यांच्या शिरकाणाची खूण मानला जातो. परंपरेनुसार त्या उठावामागे जमीनमोजणी आणि नवी सारापद्धती होती. पुढे इंग्रजी अमदानीत जांभोरीच्या होनाजी केंगले यांनी १८७३ ते १८७६ या काळात सावकारांविरुद्ध बंड केले. कर्जापोटी शेते सावकारांच्या घशात जात होती, हे त्या बंडाचे मूळ. शेत हातचे जाण्याचे दुःख या खोऱ्याला नवे नव्हते.

६/ पाण्यामुळे शेत जाणे मात्र वेगळे. पुणे जिल्ह्याला त्याचा पहिला मोठा अनुभव मुळशीत आला. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट त्याचे नेते होते. तो लढा १९२४ पर्यंत चालला, पण धरण झालेच. 'जमीन द्यायची की नाही' हा मुळशीचा प्रश्न होता. 'जमीन गेल्यानंतर तिच्यावर साचलेले पाणी कोणाचे' हा प्रश्न पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आला.

७/ स्वातंत्र्योत्तर काळात पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात कुकडी प्रकल्प आकारास आला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही त्यातील पाच धरणे. पहिली चार जुन्नर तालुक्यात, पाचवे आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर. डिंभे हे या साखळीतील मोठे धरण. त्याची साठवणक्षमता सुमारे साडेतेरा टीएमसी आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्याचे काम चालले आणि २००० च्या सुमारास ते पूर्ण झाले.

८/ या धरणाने वीसहून अधिक गावे पूर्णतः किंवा अंशतः पाण्याखाली घेतली. त्यांत खुद्द आंबेगावही होते. ब्रिटिश काळात खेड तालुक्याखालील पेट्याला ज्या गावाचे नाव मिळाले आणि पुढे तालुक्याने जे नाव धारण केले, ते मूळ गाव आज जलाशयाच्या तळाशी आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. कडक उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की जुन्या आंबेगावातील दगडी जैन मंदिर आणि घरांचे चौथरे उघडे पडतात. मंदिर पाहण्यासाठी पर्यटक येतात. चौथरे पाहण्यासाठी तेथे जन्मलेली माणसे येतात.

९/ जलाशयाला नाव मिळाले 'हुतात्मा बाबू गेनू सागर'. बाबू गेनू हे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. गिरणी कामगार म्हणून मुंबईत गेलेला हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. आपल्या माणसांच्या उपजीविकेवर दूरच्या सत्तेचा ताबा असू नये, हा स्वदेशी चळवळीचा गाभा होता. त्या हुतात्म्याचे नाव धारण करणाऱ्या पाण्यावर पुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला.

१०/ कुकडी प्रकल्पाचे पाणी जाते कोठे? जुन्नर, आंबेगाव आणि शिरूरच्या पूर्व भागात, अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडे आणि सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याकडे. दुष्काळी पट्ट्याला या पाण्याने आधार दिला, हे निर्विवाद आहे. ऊस, कांदा आणि द्राक्षे यांचे अर्थकारण त्यावर उभे राहिले. पण धरणाच्या भिंतीच्या पश्चिमेला, ज्यांच्या खोऱ्यात पाणी साचले, त्या गावांना कालवा नाही. कालवा उताराने पूर्वेकडे वाहतो आणि ही गावे पाण्याच्या वर, चढावर आहेत.

११/ महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र कायदा केला. १९८६ आणि १९९९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्यांनी घेतली. लाभक्षेत्रात पर्यायी जमीन देणे हे त्यामागचे तत्त्व. कागदावर ते न्याय्य होते. प्रत्यक्षात अनेक आदिवासी कुटुंबे आपले डोंगर, देवस्थाने आणि सोयरीक सोडून पूर्वेच्या सपाटीवर गेली नाहीत. पाणी चढले तशी ती वरच्या उतारावर सरकली. खालची काळी, सुपीक खाचरे गेली आणि वरची बरड, खडकाळ जमीन उरली.

१२/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक बाब ध्यानात घ्यावी. भरपाई मिळते ती सातबाऱ्यावर नोंदलेल्या जमिनीची, घराची, झाडांची. नदीचा डोह, काठावरचे गवत, चढणीचे मासे, ओलांडायची वाट यांपैकी काहीही कोणाच्या नावावर नसते. म्हणून ते गेल्याची नोंद होत नाही आणि मोबदलाही ठरत नाही. धरणाने सामायिक संपत्ती बुडवली आणि तिच्या जागी मासळीने भरू शकणारा एक प्रचंड जलाशय निर्माण केला. ही नवी संपत्ती कोणाची, याचे उत्तर रूढीत नव्हते. ते शासनाच्या नियमांत होते.

१३/ नियम असा : जलाशय पाटबंधारे खात्याचा, त्यातील मासेमारीचे नियमन मत्स्यव्यवसाय विभागाचे. मासेमारीचा हक्क ठरावीक मुदतीच्या ठेक्याने दिला जातो. मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य देण्याचे धोरण जुने आहे. पण संस्था नोंदवायची तर सभासद, भागभांडवल, हिशेब आणि लेखापरीक्षण हवे. डोंगरातल्या विस्थापितांकडे यांपैकी काही नसते. अशा वेळी पाणी बाहेरच्या ठेकेदाराकडे जाण्याची शक्यता वाढते आणि स्थानिक माणूस स्वतःच्या बुडालेल्या शेतावर जाळे टाकताना कायद्याच्या दृष्टीने चोर ठरतो.

१४/ हा प्रश्न केवळ आंबेगावचा नव्हता. मध्य प्रदेशात बरगी धरणाच्या विस्थापितांनी १९९४ मध्ये आपल्या संस्थांच्या संघासाठी मासेमारीचा हक्क मिळवला. होशंगाबाद जिल्ह्यातील तवा जलाशयावर विस्थापित आदिवासींनी लढा देऊन १९९६ मध्ये तवा मत्स्य संघ उभारला. त्यांना पाच वर्षांचा हक्क मिळाला, २००१ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले आणि २००६ नंतर तो संपुष्टात आला. तव्याने दोन गोष्टी सिद्ध केल्या. विस्थापित लोक जलाशय चालवू शकतात. आणि मुदतीने मिळालेला हक्क मुदत संपताच काढूनही घेता येतो.

१५/ डिंभे परिसरात या कामाला आकार दिला 'शाश्वत' या संस्थेने. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक हे तिचे आधारस्तंभ. विस्थापितांच्या हक्कांसाठी संघटन करता करता प्रश्न पुढे आला, की जमीन परत मिळणार नसेल तर पाण्यातून काय मिळू शकते? त्यातून 'डिंभे जलाशय आदिवासी मच्छीमार सहकारी सोसायटी' उभी राहिली. महादेव कोळी, कातकरी अशा स्थानिक आदिवासींनी जलाशयातील मासेमारीचा हक्क संस्थेच्या नावाने मागितला आणि मिळवला.

१६/ सहकार हा शब्द सरकारी असला, तरी त्यामागचा व्यवहार खोऱ्याला परका नव्हता. येथे 'पडकई' नावाची जुनी पद्धत आहे. उतारावर दगडाचे बांध घालून भातखाचर तयार करायचे, तर एका कुटुंबाचे बळ पुरत नाही. म्हणून आज सर्वांनी एकाच्या शेतात राबायचे, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी पैशांत मोजायची नाही, श्रमाची फेड श्रमाने करायची. पडकईची कामे रोजगार हमीत घ्यावीत, यासाठीही 'शाश्वत'ने प्रयत्न केले. एकत्र राबण्याची सवय शेतावर होती. ती पाण्यावर नेणे एवढेच उरले होते.

१७/ 'एवढेच' म्हणणे मात्र सोपे आहे. जलाशय म्हणजे डोह नव्हे. महाराष्ट्रातील धरणांवर गरीब मच्छीमाराचे पहिले साधन असते ट्रकच्या चाकातील हवा भरलेली ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा. त्यावर बसून, हाताने पाणी मारत माणूस जाळ्यापर्यंत जातो. दरीत वारा अचानक फिरतो, लाटा उठतात. ट्यूबला काटा लागला की जीव धोक्यात. शिवाय तिच्यावर मासळीचा मोठा भार आणता येत नाही. छोटी वल्ह्याची होडी मिळणे म्हणजे सुरक्षितता मिळणे, दूरच्या फाट्यापर्यंत पोहोच मिळणे आणि एका फेरीत अधिक मासळी आणता येणे. होडी, जाळी आणि प्रशिक्षण यांवरच या धंद्याचा पाया अवलंबून होता.

१८/ जलाशयात प्रामुख्याने माशांच्या कल्ल्यांत अडकणारी जाळी वापरतात. संध्याकाळी जाळे पसरायचे आणि पहाटे उचलायचे. आसाचा आकार ठरवतो की कोणता मासा अडकेल. बारीक आस लावली तर पिल्ले मरतात आणि पुढच्या वर्षीचे उत्पन्न आजच संपते. बुडालेल्या झाडांचे बुंधे, घरांच्या भिंती आणि बांध यांत जाळे अडकून फाटते, म्हणून तळाची ओळख लागते. येथे विस्थापित माणसापाशी बाहेरच्या मच्छीमाराला नसलेले ज्ञान होते. विहीर कोठे, आंबा कोठे, खाचराचा बांध कोठे, हे त्याला नकाशावाचून ठाऊक होते. तळ त्याचे शेतच होते.

१९/ कटला, रोहू आणि मृगळ हे जलाशयाच्या मासेमारीतील प्रमुख मासे मूळचे वाहत्या नद्यांतले. साठलेल्या पाण्यात ते सहसा पुरेसे प्रजनन करत नाहीत, म्हणून दरवर्षी मत्स्यबीज सोडावे लागते. अगदी लहान मत्स्यजिरे सोडले तर मोठे मासे ते फस्त करतात. बोटाएवढी वाढलेली 'बोटुकली' सोडली तर ती जगण्याची शक्यता बरीच वाढते. पण बोटुकली दूरवरून आणणे खर्चिक. यावर उपाय म्हणून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या साहाय्याने डिंभे जलाशयात तरंगते पिंजरे लावून त्यांत मत्स्यबीज वाढवण्याचे प्रयोग झाले. भाताचे रोप आधी रोपवाटिकेत वाढवून मग खाचरात लावणाऱ्या शेतकऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

२०/ ठेकेदार आणि सहकारी संस्था यांतील खरा फरक येथेच दिसतो. मुदत संपल्यावर पाणी दुसऱ्याचे होणार असेल, तर ठेकेदाराला पिल्ले राखण्याचे कारण नसते. ज्याला पुढच्या वर्षीही त्याच काठावर राहायचे आहे, त्याला ते असते. त्यामुळे बीज कोण सोडतो, जाळ्याचा आस कोण ठरवतो आणि मासळीचा भाव कोण लावतो, हे प्रश्न तांत्रिक वाटले तरी ते मालकीचेच प्रश्न आहेत.

२१/ जलाशयाचा काठही स्थिर नसतो. उन्हाळ्यात पाणी ओसरते तशी काठाची गाळाची जमीन उघडी पडते. तिला 'गाळपेर' म्हणतात. विस्थापितांपैकी काही जण तीच जमीन पुन्हा कसतात. म्हणजे एकाच वर्तुळात शेत आणि पाणी आलटून पालटून येतात. पण पाणी केव्हा आणि किती ओसरेल, हे काठावरचा माणूस ठरवत नाही. कालव्याची आवर्तने कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात आणि तेथे चर्चा होते ती पूर्वेकडच्या पिकांची. एखादे आवर्तन लवकर सुटले तर गाळपेर लवकर मिळते, मात्र मासळीसाठी पाणी कमी उरते.

२२/ 'शाश्वत'च्या या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या पुढाकाराने दिला जाणारा इक्वेटर पुरस्कार मिळाला. निसर्गसंवर्धन आणि उपजीविका यांची सांगड घालणाऱ्या स्थानिक समुदायांना तो दिला जातो. त्याच वर्षी ब्राझीलमधील रिओ येथे शाश्वत विकासावर जागतिक परिषद भरली होती. घोड नदीच्या खोऱ्यातले काम त्या निमित्ताने जगापुढे गेले. जिल्ह्यातील बहुसंख्य लोकांना मात्र डिंभे आजही ठाऊक आहे ते भीमाशंकरच्या वाटेवरचे धरण म्हणून.

२३/ कायद्याची भाषाही दरम्यान बदलली. २००६ च्या वनहक्क कायद्याने मासे आणि जलस्रोतांतील इतर उपज यांवरील सामूहिक हक्काचा उल्लेख केला. पेसा कायद्याच्या २०१४ च्या महाराष्ट्र नियमांनी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना लहान जलसाठ्यांच्या व्यवस्थापनात स्थान दिले. तरीही मोठ्या सिंचन प्रकल्पाचा जलाशय प्रामुख्याने ठेक्याच्या चौकटीतच राहतो. गावतळे ग्रामसभेचे होऊ शकते. गाव ज्याखाली गेले ते पाणी मात्र मुदतीने मागावे लागते.

२४/ या इतिहासाला विजयगाथा म्हणता येणार नाही. मासळीच्या उत्पन्नाने बुडालेली भातखाचरे परत येत नाहीत, आणि सहकारी संस्था चालवणे हे हिशेबाचे, संयमाचे, कधी कधी भांडणाचेही काम असते. पण याला केवळ शोककथा म्हणणेही अन्यायाचे ठरेल. धरणाने ज्यांना 'प्रकल्पग्रस्त' हे एकच नाव दिले, त्यांनी दुसरी ओळख कष्टाने मिळवली. ज्यांच्या पूर्वजांनी कधी वल्हे हाती धरले नव्हते, ते मच्छीमार झाले.

२५/ जुन्नर-आंबेगावचा इतिहास पाहायला जाणाऱ्यांनी नाणेघाट पाहावा, शिवनेरीवरचा कोळी चौथराही पाहावा. आणि भीमाशंकरच्या वाटेवर डिंभ्याचा जलाशय दिसला की क्षणभर थांबावे. पाण्यावर एखादी लहान होडी असेल. तिच्यातला माणूस कदाचित आपल्या आजोबांच्या खाचरावर जाळे टाकत असेल. तो तेथे कोणत्या हक्काने आहे, हा प्रश्न शिवनेरीच्या चौथऱ्याइतकाच जुना आहे. फरक इतकाच, की त्याचे उत्तर अजून दर ठेक्याच्या मुदतीला नव्याने द्यावे लागते.

(थ्रेड समाप्त)